रसाचो फेस

"ह्यां काय गो? रसाचो फेस केलंस?"

विजयदुर्गातल्या आमच्या काकीने ताटलीकडे बघून विचारलं. ताटलीत वाटीच्या आकाराचा एक केशरी घुमट होता आणि तो इतका चकचकीत होता की छताचा पंखा त्यात उलटा फिरताना दिसत होता. मी तीन दिवस खपून हापूसचं मूस केलं होतं, वर आरशासारखा मुलामा चढवून. शब्द ऐकून काकीला आधी सोनाराची मूस आठवली. पण तिचा पहिला प्रश्न मात्र अचूक भाषांतर होता. फ्रेंच भाषेत 'मूस' म्हणजे फेसच!

आणि फेस म्हणजे काय? हवा. ताटलीतल्या त्या घुमटात बरीचशी नुसती हवा होती. आमरसात हवा अडकवायची, ती पळू द्यायची नाही आणि वर तिला ताठ उभं करायचं, एवढाच हा पदार्थ. आता किल्ल्याच्या तटाखाली जाऊन पाहा. तिन्ही बाजूंनी समुद्र आहे, लाट खडकावर फुटते, पांढराशुभ्र फेस होतो आणि तुम्ही 'वा' म्हणेपर्यंत विरतो. मग वाटीतला फेस तासन्‌तास कसा टिकतो?

कारण त्याच्या प्रत्येक बुडबुड्याला चिलखत आहे. दुधातली स्निग्धता अतिशय बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असते. एकेक गोळी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी, वर पातळ पापुद्रा. गारेगार क्रीम फेटायला लागलं की एकीकडे हवा आत शिरते, दुसरीकडे गोळ्यांचे पापुद्रे फाटतात. फाटलेल्या गोळ्या एकमेकींना चिकटतात, पण पुरत्या विरघळून एक होत नाहीत, कारण थंडीमुळे त्यांच्यातली चरबी अर्धवट घट्ट असते. अशा हात धरून उभ्या राहिलेल्या गोळ्या बुडबुड्याभोवती कडं करतात. फुगडीच म्हणा ना! क्रीम दुप्पट होतं ते या कड्यांमुळे. म्हणूनच स्निग्धांश 35 टक्क्यांच्या आसपास हवा. दुकानातल्या साध्या क्रीममध्ये तो 25 टक्के असला तर कितीही फेटा, कडं पुरं व्हायला गडीच कमी पडतात.

आणि गडी जास्तच चिकटले तर? यंत्र घरघरत होतं आणि काकी चुलीपाशी पाठमोरी उभी होती. अचानक ती मान न वळवता म्हणाली, "थांब! आता लोणी येतला." मी थांबवलं. आणखी दहा-वीस सेकंदांत खरंच आलं असतं. व्हिपिंग क्रीमचा डबा तिने जन्मात पाहिला नव्हता, पण आयुष्यभर रवीने ताक घुसळलेल्या कानाला आवाजातला जडपणा कळला. फेटलेलं क्रीम म्हणजे लोणी व्हायच्या एक पाऊल अलीकडे थांबलेलं दूध, हे मला तिच्या पाठीने शिकवलं.

या फेसात आमरस मिसळला की पहिली निराशा होते. हापूसचा तो गर्द केशरी रंग कुठे जातो? हातात उरतो फिक्कट पिवळा. क्रीमचा पांढरेपणा थोडा कारणीभूत, पण मोठा चोर हवाच. समुद्राचं पाणी ओंजळीत बिनरंगी, पण फेसात पांढरं. का? बुडबुड्याच्या प्रत्येक भिंतीवर प्रकाश थोडा वळतो, थोडा परततो. अशा लाखो भिंतींवर आपटून तो सगळीकडे विखुरतो आणि रंगापर्यंत धड पोचतच नाही.

पिवळ्या रंगाबद्दल विजयदुर्गात बोलायचं आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयरला वगळायचं, हे इथे कुणी खपवून घेणार नाही. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत, ते याच साहेबाचे. सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेघ त्याने 1868 साली टिपली ती इंग्लंडातून. इथे तो आला 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला, दुर्बिणी आणि लवाजमा घेऊन. एका पिवळ्या रेघेवरून सूर्यात काय आहे ते सांगणारा माणूस या गावात राहून गेला, आणि मी त्याच गावात पिवळा फिका का झाला म्हणून हळहळत होते.

रंग गेला तरी वास मात्र दुणावतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या सुगंधावर बरंच काम झालंय. फळ पिकताना त्यात लॅक्टोन नावाची सुगंधी द्रव्यं तयार होतात, असं त्यात दिसलं. गंमत अशी की दुधा-लोण्याच्या वासातही लॅक्टोनच असतात. म्हणजे आंबा आणि साय ही जोडी आपण जुळवलेली नाही, दोघांचं नातं आधीपासूनचं आहे. शिवाय ही द्रव्यं स्निग्धतेत सहज मुरतात आणि घास तोंडात वितळताना हळूहळू सुटतात. गिळून झाल्यावरही आंबा रेंगाळतो तो म्हणून.

आता खरा प्रश्न. मे महिना, दुपार, विजयदुर्ग. पारा तेहतिशीत आणि हवा अशी दमट की पापड हातात धरला तरी मऊ पडावा. इथे हा घुमट उभा राहणार कसा?

फ्रेंच पद्धत जिलेटिनची. जनावरांच्या हाडा-कातड्यातून निघणारं हे प्रथिन थंडीत जाळं विणतं आणि 30-35 अंशांना ते सोडतं. जिभेवर विरघळतं हा त्याचा मोठा गुण, पण कोकणातल्या मेमध्ये ते ताटलीतच विरघळणार. त्यात पपई किंवा अननस घातला तर आणखी पंचाईत. कच्च्या पपईने मटण शिजतं हे आपल्याला ठाऊक आहे. प्रथिनं तोडणारं तेच पपेन जिलेटिनचंही पाणी करतं.

हीच तक्रार 1881 साली जर्मनीत वाल्टर हेसे करत होते, स्वयंपाकघरात नव्हे तर रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत. जंतू वाढवायला ते जिलेटिनचा थर वापरत. उन्हाळ्यात तो थर वितळे, आणि जे जंतू वाढवायचे तेच पपईसारखे त्याला खाऊन टाकत. हेसेंच्या पत्नी फॅनी प्रयोगात मदत करत. नवऱ्याने विचारलं, तुझ्या जेली एवढ्या गरमीत कशा टिकतात? त्या म्हणाल्या, मी अगर-अगर घालते. जावामध्ये राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून त्या ते शिकल्या होत्या. 24 मार्च 1882 रोजी कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, त्या वर्षीच्या त्याच्या लेखनात अगरचा उल्लेख ओझरता आहे आणि फॅनीचा मुळीच नाही. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू अगरवरच वाढवतात. एका बाईच्या मुरांब्या-जेलीच्या कपाटातून आलेली वस्तू!

अगर-अगर म्हणजे तुमच्या फडताळातलं चायना ग्रास. त्यात ग्रास कसलं? ते तांबड्या समुद्रशेवाळातून निघतं. आपल्याकडे त्यासाठी मुख्यतः तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं शेवाळ वापरतात. पण त्याच गोतातलं ग्रॅसिलारिया आमच्या खडकांवरही असतं. ओहोटीला पायाखाली बुळबुळतं त्याला शिव्या घालत आपण पुढे जातो.

या शेवाळाची करामत ऐका. पाण्यात उकळलं की त्याच्या लांबलचक साखळ्या मोकळ्या होतात. पाणी साधारण 40 अंशांखाली आलं की त्या दोन-दोन करून पिळल्या जातात, पिळांचे जुडगे होतात आणि मधल्या पोकळ्यांत पाणी कोंडतं. शंभर भाग पाण्याला एक भाग चायना ग्रास पुरतं. म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, पण सुरीने कापता येतं! आता ते परत वितळवायचं तर किती तापवाल? 40? 45? नाही, 85 अंशांपर्यंत ते हूं की चूं करत नाही. गोठतं चाळिशीत आणि वितळतं पंच्याऐंशीला. ओल्या जाळ्याला बसलेली गाठ आठवा. बसते चुटकीसरशी, सोडवायला मात्र नखं मोडतात.

माझ्या घुमटाचं सगळं गणित या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात आहे.

कृती तशी सोपी, पण मधली दोन मिनिटं धावपळीची. दोन-तीन हापूसचा गाळलेला 300 ग्रॅम रस कोमट करायचा, साखर जरा सढळ, कारण थंड जिभेला गोड कमी कळतं. चायना ग्रासची सपाट चमचाभर पूड अर्धी वाटी पाण्यात वेगळी उकळायची. रसातच उकळली तर आंबटपणा आणि उष्णता मिळून तिच्या साखळ्या तोडतात. उकळलेलं पाणी कोमट रसात ओतायचं. रस फ्रिजमधला असेल तर तिथल्या तिथे गुठळ्या, कारण गाठी बसायला वेळ लागत नाही हे आत्ताच पाहिलं. मग 200 मिलिलिटर क्रीमचा फेस, खालून वर हलक्या हाताने. रस फार गरम असेल तर फुगडी मोडते, गार झाला तर जाळं आधीच बसतं. बोट बुडवून चटका बसत नाही पण ऊब लागते, ती वेळ साधायची आणि लगेच वाट्यांत ओतायचं. चायना ग्रास हात राखून घाला. ते जिलेटिनसारखं जिभेवर विरघळत नाही, जास्त झालं तर रबर चावल्यासारखं होतं. वितळण्याचं काम क्रीमला करू द्यावं.

पहिल्या दिवशी मी पुस्तकी शहाणपण केलं. असली मूसं आधी दगडासारखी गोठवतात आणि मग वर मुलामा ओततात, म्हणून वाट्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्या. सकाळी घुमट बाहेर काढला तर तासाभरात त्याने रडून ताटली भरली. का? आतल्या पाण्याचे स्फटिक झाले, त्यांनी जाळं फाडलं, आणि बर्फ वितळताच पाण्याला कुणी धरून ठेवेना. माझा अपराध जपानात मात्र शोध ठरलाय. म्हणतात की 1658 च्या सुमारास तिथल्या मिनो तारोझाएमोन नावाच्या खानावळवाल्याने उरलेली शेवाळाची जेली थंडीत बाहेर टाकली. रात्री गोठली, दिवसा वितळून पाणी गळालं, असं होत होत सुकलेला हलका पापुद्रा उरला. तो पुन्हा उकळला तर जेली तयार! चायना ग्रास टिकाऊ झालं ते असं. मी फेकून दिलेला घुमट उन्हात वाळवला असता तर काय निघालं असतं कोण जाणे, बहुधा मुंग्या.

दुसऱ्या खेपेला फ्रीजर नाही, नुसता फ्रिज. चार तासांनी वाटी क्षणभर गरम पाण्यात धरून उलटी केली. आता मुलामा. पाण्यात साखर आणि चिमूटभर चायना ग्रास उकळून त्यात पाण्याच्या निम्मा कोमट रस मिसळला, बारीक फडक्यातून गाळलं आणि बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत ठेवलं. हे साधारण 50 अंशांना ओतायचं. गार फेसावर इतकं कढत? जिलेटिनचं मूस इथे ओघळलं असतं, म्हणून तर ते लोक आधी गोठवतात. आपल्या आतल्या गाठी पंच्याऐंशीपर्यंत निवांत आहेत. उलट वरचा रसच गार अंगाला टेकताच चाळिशीखाली येतो आणि बघता बघता थिजतो. मात्र एका धारेत ओता, आणि काहीही झालं तरी चमचा लावू नका.

चमचा का नको? प्रवाही असताना रसाचा पृष्ठभाग स्वतःच ताणून सपाट होतो, माणसाच्या हाताला जमणार नाही इतका. प्रकाशाच्या लहरीपेक्षाही बारीक खडबड उरली की किरण विखुरत नाहीत, शिस्तीत परततात. त्यालाच आपण आरसा म्हणतो. आणि हरवलेला केशरी? तोही परत येतो, कारण या थरात बुडबुडेच नाहीत. कोरडा जांभा चिरा फिकट दिसतो, पहिल्या सरीत भिजला की गडद तांबडा होतो, काहीसं तसं.

तर असा तो पंखा घुमटात फिरत होता. आणि अचानक थांबला. वीज गेली होती. कोकणातल्या मेमधली वीज, कधी येईल याचा भरवसा नाही. फ्रिज बंद, खिडकीतून खाडीची चिकट हवा. मी घड्याळ लावून घुमटासमोर बसले. पंधरा मिनिटं. अर्धा तास. बाजूच्या वाटीतलं उरलेलं नुसतं क्रीम बसकण मारून ओघळायला लागलं. घुमटाला घाम सुटला, कडा थोड्या मऊ झाल्या, पण तो उभा होता.

काकीने अखेर चमचा खुपसला. मुलाम्याला बारीकशी चीर गेली आणि आतला फिका फेस दिसला. तिने घास तोंडात धरला, डोळे मिटले, पुन्हा एक घेतला. मग उठली, चुलीवर बिडाचा तवा ठेवला आणि म्हणाली, "ह्येच्यावांगडा घावणे बरे लागतले."