गोपनीय व्हर्च्युअल मशीन : हार्डवेअरची तपासणी ऑपरेटिंग सिस्टीमने केव्हा करावी?

नागरिकांची माहिती क्लाउडवर ठेवताना ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी संबंधित संस्थेचीच राहते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये सुरक्षा उपायांत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

साध्या व्हर्च्युअल मशीनची मेमरी यजमान सर्व्हर वाचू शकतो. गोपनीय व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र प्रोसेसरच ती मेमरी कूटबद्ध करतो. एएमडीचे एसईव्ही-एसएनपी आणि इंटेलचे टीडीएक्स ही अशी तंत्रे आहेत. २०२२ मधील लिनक्स ५.१९ पासून या दोन्हींच्या संरक्षणाखाली लिनक्स पाहुणी प्रणाली म्हणून चालू शकते.

पाहुण्या प्रणालीत तपासणी केव्हा?

अगदी सुरुवातीला. एएमडीच्या पद्धतीत मेमरीच्या प्रत्येक पानाच्या नोंदीत एक ठरावीक बिट असतो. तो लावला तरच त्या पानावरील माहिती कूटबद्ध होते. त्यामुळे पानांचे तक्ते तयार करण्यापूर्वीच कर्नलला संरक्षण चालू आहे का आणि तो बिट कोणता, हे कळायला हवे. उशीर झाला, तर तोवर बिटाशिवाय लिहिलेली माहिती यजमानाला उघड दिसते.

विचारायचे कोणाला, हाही प्रश्न आहेच. प्रोसेसरची वैशिष्ट्ये सांगणारी नेहमीची सूचना वापरली, तर उत्तर यजमानाकडून येऊ शकते. आणि संरक्षण तर त्याच्यापासूनच हवे आहे! म्हणून एएमडीने स्थिती दाखवणारे एक रजिस्टर दिले आहे. ते वाचताना यजमानाला मध्ये पडता येत नाही.

यजमान सर्व्हरवर

येथे घाईने दिलेला होकार अंगाशी येतो. प्रोसेसर सक्षम असला, तरी बायोसने पानांच्या मालकीच्या तक्त्यासाठी मेमरी राखून ठेवलेली असावी लागते आणि आयओएमएमयूही योग्य रीतीने चालू असावे लागते. लिनक्समध्ये ‘आयओएमएमयू=पीटी’ हा बूट पर्याय दिल्यास एसएनपी चालत नाही. त्यामुळे प्राथमिक तपासणी लवकर करावी. अंतिम होकार मात्र आयओएमएमयूची तयारी तपासल्यावरच द्यावा आणि गरज पडल्यास तो मागे घेता यावा.

निविदेत केवळ ‘प्रोसेसर एसएनपी-सक्षम असावा’ एवढे लिहून भागत नाही. बायोस आणि बूट पर्यायांच्या अटीही लिहाव्यात. शिवाय, डेटाबेसची किल्ली व्हर्च्युअल मशीनला देण्यापूर्वी प्रोसेसरने स्वाक्षरी केलेला प्रमाणन अहवाल मशीनबाहेर तपासून घ्यावा.