लाकूड बघा, बॉस!

मोबाईलवर फोटो आला आणि भर कॉफी शॉपमध्ये मी 'आई गं!' म्हणाले. शेजारच्या टेबलवरच्यांना वाटलं असेल, कुठल्यातरी हॅण्डसमचा फोटो. नाही हो. एका सेकंडहॅण्ड एअर रायफलचा होता. खरं तर तिच्या दस्त्याचा. अक्रोडाचं लाकूड, मधासारखा रंग आणि त्यात धुरासारख्या काळपट लाटा. मी तर फ्लॅटच!

रायफल माझ्यासाठी नव्हती. वाशिमची माझी मामेबहीण तीन वर्षं उसनी रायफल घेऊन 10 मीटरवरच्या टार्गेटवर नेम धरतेय. त्या टार्गेटचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला याच प्रकारात वर्ल्ड चॅम्पियन झाला, तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच भुंगा: स्वतःची रायफल. परदेशी मॅच रायफल नवी घ्यायची तर बात लाखांत जाते. यंदा मामाने सोयाबीनच्या पैशांतला मोठा वाटा बाजूला काढला आणि मला फोन केला, ''तू पुण्यात राह्यतं, तूच पाह्य. मले काय समजते त्यातलं?''

झाले मी एक्स्पर्ट!

चार विक्रेते, दोन कोच आणि असंख्य फोटोंनंतर माझ्या डोक्यात थोडा उजेड पडला. मोठ्या स्पर्धांमध्ये आता ॲल्युमिनियमचे दस्ते सर्रास दिसतात. गाल टेकायचा भाग, खांद्याला लागणारी पट्टी, सगळं मिलिमीटरने पुढेमागे होतं. व्यवहार बघितला तर तेच बरं. पण ते दिसतं कसं? जिममधल्या मशीनसारखं. माझं मन अक्रोडावर.

अक्रोडात ही नक्षी येते कुठून? झाडाच्या मुळापाशी आणि जाड फांदी फुटते त्या बेचक्यात तंतू पिळले जातात. तिथली फळी कापली की लाटा, ज्वाळा, पिसं दिसतात. असा तुकडा एका झाडातून थोडाच निघतो, म्हणून भाव चढतो. स्वस्तातल्या रायफलींना युरोपातल्या बीच झाडाचं लाकूड तपकिरी रंगवून लावतात. दस्ता खोलून आतली बाजू बघा, रंग पोचला नसेल तर फिकट लाकूड आणि त्यावरचे बारीक ठिपके लगेच दिसतात. ही ट्रिक मला फार आवडली. पुढचे आठ दिवस मी दिसेल त्या टेबलाची आतली बाजू बघत होते.

तो फोटो घेऊन दिवाळीत वाशिमला गेले. मामाकडे माळ्यावर त्याची जुनी छऱ्याची बंदूक आहे, दस्त्याला तारा गुंडाळलेली. ती घेऊन आम्ही मामाच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. आयुष्यभर सागवान आणि शिसम हाताळलेला माणूस. मी कौतुकाने फोटो पुढे केला. त्यांनी बोटांनी तो मोठा केला आणि लाटांकडे बघितलंसुद्धा नाही. बघितली ती मूठ धरायची बारीक जागा.

''ताई, मनगटाजवळ पाहा. रेघा तिरप्या पळून राह्यल्या.''

मग मामाची बंदूक उलटी केली. तारेखालची भेग अगदी तशाच तिरप्या रेघेतून गेलेली. तीस वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडली होती म्हणे. एअर रायफलला धक्का फारसा नसतो, दस्ता फुटतो तो पडल्याने, प्रवासात आपटल्याने. आणि माझी बहीण रायफल घेऊन एसटीने फिरणार!

''फुलं मागे असू द्या,'' मिस्त्री म्हणाले, ''मनगटात रेघ सरळ पाह्यजे.''

मागचा रुंद भाग नक्षीचा, मनगट आणि पुढचा हात ठेवायचा भाग सरळ रेघांचा. बस. ज्या फोटोवर मी मामाचे पैसे लावायला निघाले होते, तो या परीक्षेत सपशेल नापास. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू?

शेवटी दुसरी रायफल घेतली. अक्रोडाचीच, पण साधी. मागे एकच काळपट लाट, मनगट सरळ, गालाचा भाग वरखाली होणारा. बहिणीने डोळे मिटून ती खांद्याला लावली, डोळे उघडले, तर नेमकी नजर साईटमध्ये. तिने लाकडाकडे नंतर बघितलं. (कॅलिबर 4.5 मिलिमीटर आणि ताकद 20 ज्यूलच्या आत असेल तर 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. मामाचा पहिला प्रश्न तोच होता.)

तरी लाकूड ते लाकूड. वाशिमच्या मे महिन्यात सुकणार, पावसाळ्यात फुगणार. मग स्क्रूचा ताण बदलतो आणि नेम सरकतो. कोचने बजावलंय, ऋतू बदलला की स्क्रू तपासायचे. आणि दस्त्याला वर्षातून एकदा जवसाचं तेल, बॅटला लावतो तसं, अगदी पातळ हात.

जवस म्हटल्यावर मामी लगेच घाण्याच्या तेलाची बाटली घेऊन आल्या. मिस्त्रींनी हात जोडले. ''ते चटणीवर घ्या वहिनी. याले हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं लागते, लवकर वायते.'' वर आणखी एक ताकीद: तेलाची चिंधी बोळा करून टाकायची नाही, आपोआप तापून पेट घेते. म्हणून मामाच्या अंगणात आता दोरीवर, धुतलेल्या शर्टांच्या रांगेत, एक तेलकट चिंधी पसरून वाळत असते. मामी रोज कुरकुर करतात.