गुडघ्याच्या दुखापती: दुखणे थांबले तरी गुडघा बरा का नसतो?

30 डिसेंबर 2022 रोजी रुरकीजवळच्या मोटार अपघातात ऋषभ पंतच्या उजव्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. पुढचे अनेक महिने बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत त्याचे पुनर्वसन चालले. यष्टिरक्षक-फलंदाज म्हणून तो तंदुरुस्त ठरला मार्च 2024 मध्ये, म्हणजे 14 महिन्यांनी. त्याला इतरही जखमा होत्या, हे खरे. पण एकटा गुडघासुद्धा एवढा वेळ का घेतो?

आधी रचना पाहू. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा खोलगट खोबणीत बसतो. गुडघ्यात तेच हाड नडगीच्या जवळपास सपाट माथ्यावर टेकते. त्यामुळे सांध्याची स्थिरता मुख्यतः 4 लिगामेंट आणि भोवतालच्या स्नायूंवर अवलंबून असते. दोन हाडांमध्ये मेनिस्कस या अर्धचंद्राकृती गाद्या असतात. त्या भार पसरवतात.

पाय जमिनीत रुतलेला असताना शरीर वळले की एसीएल, म्हणजे सांध्याच्या आतले पुढचे लिगामेंट, तुटू शकते. कबड्डी आणि फुटबॉलमध्ये हे नेहमी दिसते. ‘कट्’ असा आवाज येतो आणि आत रक्तस्राव झाल्याने बहुधा काही तासांतच गुडघा सुजतो. मेनिस्कस फाटल्यास सूज सहसा सावकाश, दुसऱ्या दिवशीपर्यंत येते आणि कधी कधी गुडघा अडकतो, सरळच होत नाही. एक्स-रेमध्ये यांतले काहीच थेट दिसत नाही. म्हणून ‘हाड मोडलेले नाही’ एवढ्यावर निश्चिंत होणे घातक. तपासणी आणि गरजेप्रमाणे एमआरआय लागतो.

आता मूळ प्रश्न. पूर्ण तुटलेले एसीएल सहसा आपोआप नीट जुळत नाही. मेनिस्कसच्या फक्त बाहेरच्या कडेला पुरेसा रक्तपुरवठा असतो, त्यामुळे आतली फाट सहसा भरत नाही. एसीएलच्या जागी बहुतेक वेळा रुग्णाच्याच शरीरातला टेंडन बसवतात. हा टेंडन सुरुवातीला रक्तपुरवठ्याविना असतो. त्यात नव्या रक्तवाहिन्या व पेशी शिरायला महिने लागतात. गंमत अशी की पहिल्या काही महिन्यांत, वेदना ओसरून चालणे सुधारते तेव्हाच, तो सर्वांत कमकुवत असतो. शिवाय मांडीचा पुढचा स्नायू वापराविना झपाट्याने रोडावतो. खेळात परतण्यासाठी 9 महिने किंवा अधिक थांबायला सांगतात ते यामुळेच.

यष्टिरक्षकाची कसोटी आणखी कठीण. प्रत्येक चेंडूला उकिडवे बसताना गुडघा पूर्ण दुमडतो, वाटीवर आणि मेनिस्कसच्या मागच्या भागावर दाब वाढतो आणि लगेच बाजूला झेपही घ्यावी लागते.