जुन्नरचा पाऊस, समुद्रातला गाळ

जुन्नर तालुक्यात बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठच्या गाळात करड्या-पांढऱ्या राखेचा एक थर आहे. ही राख सह्याद्रीची नव्हे. आपल्या काळ्या पत्थराचा लाव्हा थंडावून साडेसहा कोटी वर्षं उलटली. राख आली सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीतून, तीन हजार किलोमीटरहून लांबून. तिच्या सान्निध्यात अश्युलियन, म्हणजे जुन्या अश्मयुगातल्या घडणीच्या, हातकुऱ्हाडी सापडल्या आणि डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांपुढे वयाचा प्रश्न उभा राहिला. एका मापनाने १४ लाख वर्षं दिली, दुसऱ्याने पावणेसात लाखांच्या आसपास. काचकणांचं रसायन जुळवणाऱ्यांनी ७४-७५ हजार सांगितली. वाद जुना आहे. मला रसायनवाल्यांची बाजू अधिक पटते, कारण तशीच राख बंगालच्या उपसागराच्या आणि अरबी समुद्राच्या तळातही मिळते. त्यांचं म्हणणं खरं असेल, तर कुकडीकाठ आणि समुद्रतळ यांच्यावर एकाच घटनेचा शिक्का बसला आहे.

समुद्रात त्या राखेच्या वर-खाली असतात फोरॅमिनिफेरा. हे एकपेशीय जीव, वाळूच्या कणाएवढे, पण अंगावर चुन्याचं कोरीव कवच. जीव मेला की कवच तळाशी बसतं आणि गाळाचे थर साचत जातात. जहाजावरून नळी खुपसून हा गाळ उभाच्या उभा काढतात. मग त्याचे काप करायचे, बारीक चाळणीवर पाण्याने धुवायचे, उरलेली चिमूटभर वाळू सूक्ष्मदर्शकाखाली पसरायची आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलून ओळखायचं. एका नमुन्यातली तीनशेच्या आसपास कवचं मोजायची अशी रीत आहे. मान मोडणारं काम. वय काढायला कवचातला कार्बन-१४ उपयोगी पडतो, पण समुद्राचं पाणी मुळातच ‘जुनं’ असल्याने साधारण चारशे वर्षांची वजावट करावी लागते.

यातली ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही जात मोसमी वाऱ्याची साक्षीदार. जून-सप्टेंबरात नैऋत्येचा वारा सोमालिया-ओमानसमोरचं वरचं पाणी लोटून देतो, खालचं गार, सकस पाणी वर येतं आणि ही जात फोफावते. तिचं प्रमाण जास्त, तर वारा जोरकस. ओमानसमोर १९८७ साली काढलेल्या गाळावर खरगपूर आयआयटीचे अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी काम केलं. २००३ साली त्यांनी दाखवलं की गेल्या दहा हजार वर्षांत हा वारा अनेकदा झटक्याने मंदावला, आणि ते मंदावणं उत्तर अटलांटिकच्या थंडीशी जुळतं.

पण वारा म्हणजे पाऊस नव्हे. हा फरक मराठी लेखनात फार सहज पुसला जातो. घाटाच्या पश्चिमेला किती पाणी पडलं हे पाहायचं, तर किनाऱ्यालगतचा गाळ हवा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले राजीव निगम यांनी कारवारजवळ, काळी नदीच्या मुखासमोर ते पाहिलं. नदीचं गोडं पाणी वाढलं की तळावरच्या जातींचं प्रमाण आणि कवचाची ठेवण बदलते. त्यावरून त्यांच्या गटाने १९९५ साली सुमारे ७७ वर्षांच्या दुष्काळचक्राचा दावा मांडला. मोजलेल्या पावसाची अखिल भारतीय मालिका १८७१ पासूनची, म्हणजे अशी जेमतेम दोन आवर्तनं तिच्यात मावतात.

आपल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचं पाणी मात्र उलट्या दिशेने जातं. अहुप्याच्या बाजूची घोड, तिला मिळणारी कुकडी, पुढे भीमा, कृष्णा आणि बंगालचा उपसागर. तिकडचा जवळचा पुरावा गोदावरीच्या मुखासमोरच्या गाळाचा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कवचातला ऑक्सिजन आणि पानांवरच्या मेणाचे अंश एकत्र वाचले होते. सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून १७०० वर्षांपूर्वीपर्यंत दख्खनेत कोरडं हवामान सोसणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या, असं त्यातून दिसलं. यात एकेका वर्षाचा हिशेब शोधू नये. ३० जुलै २०१४ ला आंबेगावातलं माळीण ज्या पावसाने गाडलं, तसा एखादा दिवस खोल समुद्राच्या गाळात दिसत नाही. तिथे सेंटिमीटरभर थराला कित्येक दशकं लागतात.

याच घोडकाठी, खाली शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास वसलेलं हे गाव आधी चौकोनी घरांचं, पाटबंधारे असलेलं, शेवटी गोल झोपड्यांचं, इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास उजाड. म. के. ढवळीकरांनी त्याचं कारण कोरडं होत गेलेलं हवामान असं दिलं, आणि समुद्रातला पुरावा त्यांना ढोबळपणे दुजोरा देतो.

ढोबळपणेच. कारण त्याच कोरड्या पर्वात, काही शतकांनी, जुन्नर भरभराटीला आलं. नाणेघाटात सातवाहनांचा लेख कोरला गेला, डोंगरांत लेणी आणि त्यांच्या पाण्याच्या पोढ्या खोदल्या गेल्या. घाटाखालच्या कल्याण-सोपाऱ्याला जहाजं येत होती, ती बुलॉइडिसला पोसणाऱ्या त्याच नैऋत्य वाऱ्यावर. इनामगावची घरं ज्या काळात ओस पडली, त्याच्याच पुढच्या टप्प्यात जुन्नरचे व्यापारी लेण्यांना दानं देत होते. पाऊस घटला म्हणून सगळंच ओसरलं असं मानणाऱ्याने आधी या दानलेखांचा जाब द्यावा.