टपरीवरचा चहा आणि नवागतांचे कोडे

यवतमाळ जिल्ह्यात बदलून आलेला अधिकारी असो, बँकेचा व्यवस्थापक असो की वणीच्या कोळसा खाणीत रुजू झालेला परप्रांतीय अभियंता असो, पहिल्या काही आठवड्यांत त्याला एका गोष्टीचा हमखास अचंबा वाटतो. ती गोष्ट म्हणजे येथील लोकांची चहाच्या टपरीविषयीची आसक्ती. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेलेला असतो, रस्त्यावरचे डांबर पायाला चिकटत असते, आणि तरीही बसस्थानकाच्या परिसरात, तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर, पत्र्याच्या छपराखाली माणसे वाफाळलेला चहा घेत उभी असतात. घरी चहा घेऊन निघालेला मनुष्य कामाला लागण्यापूर्वी एकदा आणि काम आटोपल्यावर पुन्हा एकदा टपरी गाठतो. घरी आलेल्या पाहुण्याला चहा दिला जातोच. परंतु ‘चला, एकेक कट घेऊन येऊ’ असे म्हणून त्याला बाहेर नेल्याखेरीज यजमानाचे समाधान होत नाही. नवागताला यात वेळेचा अपव्यय दिसतो, आणि क्वचित तो तसे बोलूनही दाखवितो.

त्याच्या गोंधळात भाषेचीही भर पडते. ‘कॅन्टीनवर भेटू’ असे कोणी म्हटले की कचेरीच्या इमारतीतील उपाहारगृह त्याच्या डोळ्यांपुढे येते. येथे मात्र चार बांबू, एक पत्रा, एक शेगडी आणि दोन बाकडी एवढ्या सामग्रीवर कॅन्टीन उभे राहते, आणि शेजारी पानठेला आला की त्या जागेला चौकाची प्रतिष्ठा प्राप्त होते.

हे कोडे केवळ गमतीचे असते तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ज्याला ते पडते तोच पुष्कळदा रस्तारुंदीकरणाच्या आराखड्यावर आणि अतिक्रमण हटविण्याच्या आदेशावर स्वाक्षरी करणारा असतो. राज्यातील बदल्यांच्या २००५ च्या अधिनियमानुसार शासकीय अधिकाऱ्याचा एका पदावरील सर्वसाधारण कार्यकाळ ३ वर्षांचा आहे. टपरीचे मर्म उमगेपर्यंत त्याची बदली झालेली असते.

असे कोडे पडणारे लोक जगात अन्यत्रही आहेत. अमेरिकेच्या वायव्य भागात, ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत, नव्याने राहावयास गेलेल्यांना तेथील लोकांचे रस्त्याकाठच्या कॉफीच्या खोपटांवरील प्रेम असेच अनाकलनीय वाटते. मोटारी खिडकीपुढे रांग लावतात, चालक खाली न उतरता पेला घेतो आणि मार्गस्थ होतो. ऑरेगनमधील ग्रँट्स पास या गावी १९९२ साली दोन भावांनी दुग्धव्यवसाय सोडून एका ढकलगाडीवर कॉफी विकावयास प्रारंभ केला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘डच ब्रोज’ या कंपनीच्या दुकानांची संख्या २०२५ मध्ये १ हजारावर गेली. भारतातही टाटा-स्टारबक्सने २०२० मध्ये चंदीगडजवळच्या महामार्गावर गाडीत बसूनच कॉफी घेण्याची सोय असलेले दुकान उघडले. शेतीशी निगडित धंदा परवडेनासा झाल्यावर रस्त्याच्या कडेला पेय विकावयास उभे राहणे ही वाट यवतमाळच्या अल्पभूधारकाला अपरिचित नाही. एवढे साम्य सोडले तर पुढे सारा विरोधच आहे. तेथील ग्राहक न थांबण्यासाठी पैसे मोजतो, तर येथील ग्राहक थांबण्यासाठी. मोटारसायकल स्टँडवर लावून, खांद्यावरचा दुपट्टा झटकून तो बाकावर बसतो आणि अर्धा तास उठत नाही.

या आसक्तीचे स्पष्टीकरण ‘परंपरा’ या एका शब्दाने करता येण्याजोगे नाही. चहा ही वऱ्हाडची जुनी सवय नव्हे. ब्रिटिश अमदानीत १९०३ साली चहावर उपकर बसविण्यात आला आणि त्याच्या उत्पन्नातून देशात व परदेशांत चहाचा प्रचार सुरू झाला. १९३० नंतरच्या दशकात, मंदीमुळे परदेशी बाजार आक्रसल्यावर, मळेवाल्यांनी देशी गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळविला. रेल्वे स्थानकांवर पाट्या झळकल्या, बाजारांत फुकट पेले वाटले गेले. त्याच सुमारास आसामात पाने चुरडून त्यांचे दाणे बनविणारे यंत्र निघाले. त्या दाणेदार भुकटीचा रंग दाट उतरतो व थोड्या भुकटीत अधिक कप निघतात, म्हणून पुढे चहा गरिबाच्या आवाक्यात आला. हा प्रसार होत असताना १९३६ पासून शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, गांधीजींचे वास्तव्य होते. आरोग्यावरील आपल्या १९४२ च्या पुस्तकात त्यांनी चहा, कॉफी आणि कोको यांपैकी कशाचीही शरीराला गरज नसल्याचे मत मांडले. त्यांच्या अनेक मतांप्रमाणे याही मताला विदर्भाने आदराने नमस्कार केला आणि आधण ठेवले. कॉफीचे म्हणाल तर, अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याला कॉफीचे मळे असूनही ती वऱ्हाडात रुजली नाही. तेव्हा सवयीपेक्षा वेगळे काही कारण शोधावे लागते, आणि ते या जिल्ह्याच्या कापसात सापडते.

कापूस हे प्रतीक्षेचे पीक आहे. पाऊस येईपर्यंत, बोंड फुटेपर्यंत, मजूर मिळेपर्यंत थांबावयाचे. आणि माल घरात आला की भाव चढेल या आशेवर पुन्हा थांबावयाचे. १९७२ मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली तेव्हापासून तर ही प्रतीक्षा सार्वजनिक झाली. खरेदी केंद्रांबाहेर बैलगाड्यांच्या रांगा लागत. मोजमाप होण्यास कधी दिवस, कधी दोन-तीन दिवस लागत. गाडीवानाला गाडी सोडून जाता येत नसे. त्या रांगांच्या कडेने चहाची कॅन्टीने उभी राहिली. योजनेचा एकाधिकार संपुष्टात आला, बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आणि मालवाहू टेम्पो आले, खरेदीला भारतीय कपास निगम आणि खाजगी व्यापारी उतरले. रांग मात्र राहिली. पीककर्जासाठी बँकेपुढे, फेरफारासाठी तलाठ्याकडे, तारखेसाठी न्यायालयात, अनुदानाच्या चौकशीसाठी तहसीलमध्ये शेतकऱ्याला तिष्ठत बसावे लागते. यांपैकी बहुतेक ठिकाणी त्याच्यासाठी धड सावली नाही आणि बसावयास जागाही नाही.

ती जागा टपरीवाला पुरवितो. दहा रुपयांच्या आसपास पडणाऱ्या चहाकडे नवागत केवळ पेयाची किंमत म्हणून पाहतो आणि एवढ्या साखरेत व एवढ्या भुकटीत ते महाग की स्वस्त याचा हिशेब मांडतो. वास्तविक त्या दहा रुपयांत चहा हा जोडपदार्थ असून मुख्य विक्री बाकड्याची, सावलीची आणि सहवासाची होत असते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत त्याला जागेचे भाडे म्हणता येईल. भर उन्हात गरम चहाच का, या प्रश्नाचे उत्तरही येथे मिळते. ताक किंवा रसवंतीचा रस हंगामी. बारमाही, उकळलेला आणि घोट घोट लांबविता येणारा पदार्थ चहाच. शिवाय ‘कट’ घेतला तर निम्म्या पैशांत पूर्ण बैठक मिळते.

भाड्यापोटी आणखी एक गोष्ट हाती पडते, ती म्हणजे खबर. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये जाहीर झाला, हे वर्तमानपत्रात कोणालाही वाचावयास मिळाले. परंतु शेतकऱ्याच्या पदरात काय पडेल हे त्या आकड्यावरून ठरत नाही. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्याहून अधिक असेल तर माल परत, असा नियम आहे. मग कोणत्या केंद्रावर आज ओलावा किती निघतो आहे, कोणत्या जिनिंगसमोर किती गाड्या उभ्या आहेत, खेडा खरेदीचा व्यापारी रोख काय देतो, ही माहिती हवी असते. १९ ऑगस्ट २०२५ पासून त्या वर्षअखेरीपर्यंत केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले; त्याचा परिणाम आपल्या गावच्या भावावर कधी आणि किती होईल हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नसते. ताजा भाव सांगणारा मनुष्य अर्ध्या तासापूर्वीच केंद्रावरून आलेला असतो आणि तो टपरीवरच भेटतो. त्याच हंगामात निगमाला कापूस विकण्यासाठी मोबाईलवर नोंदणी करण्याची पद्धत आली. ज्यांना ती स्वतः साधत नाही त्यांना मदतीचा हात शोधावयाचा तो येथेच.

उधारीचेही असेच. टपरीवाल्याच्या वहीत नावे चढतात आणि कापूस विकला गेला की फिटतात. कापसाची उलंगवाडी होईपर्यंत तो कोणाला फारसे टोकत नाही. या उधारीला व्याज नाही. अर्थात टपरीवरच सावकाराचा माणूसही सावज हेरत बसलेला असतो, हे विसरून टपरीचे गोडवे गाणे भाबडेपणाचे होईल.

राजकारण्यांनी या जागेचे महत्त्व प्रशासनाच्या आधी ओळखले. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी, २० मार्च रोजी, नरेंद्र मोदी यांनी ‘चाय पे चर्चा’ या कार्यक्रमातून शेतकऱ्यांशी संवाद साधला तो आर्णी तालुक्यातील दाभडी येथून. शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर नाव झालेल्या जिल्ह्यात जावे आणि बोलावे ते चहाच्या निमित्ताने, ही निवड अचूक होती. त्या दिवशीच्या आश्वासनांचे काय झाले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

टपरीच्या बाजूने एवढे म्हटल्यावर तिच्याविरुद्धही काही म्हणणे भाग आहे. पहिले असे की, कचेरीसमोरील टपरीची भरभराट हे त्या कचेरीतील विलंबाचे मापच आहे. दाखला एका फेरीत मिळू लागला तर गिऱ्हाईक घटेल, आणि ते घटावयासच हवे. लोकांच्या आसक्तीत सक्तीचा भाग किती, हा प्रश्न नवागताने विचारला तर तो अगदी योग्य ठरेल. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ही सारी सावली, खबर आणि उधारी प्रायः पुरुषांसाठी आहे. शेगडीमागे स्त्री असते, कप विसळणारीही पुष्कळदा तीच असते. परंतु गिऱ्हाईक म्हणून बाकड्यावर बसलेली स्त्री खेड्यात आणि तालुक्याच्या गावी क्वचितच दिसते. पतीच्या निधनानंतर शेती सांभाळणाऱ्या बाईला बँकेत आणि तहसीलमध्ये तितकेच तिष्ठावे लागते. ती कडुनिंबाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसते, आणि आज कोणत्या केंद्रावर काय भाव निघाला हे तिला दुसऱ्याच्या तोंडून, बहुधा उशिरा कळते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात अशा स्त्रियांची संख्या लहान नाही. शहरात अलीकडे निघालेल्या चकचकीत ‘अमृततुल्य’ दुकानांत महाविद्यालयीन मुली मोकळेपणाने चहा घेताना दिसतात, ही त्यातल्या त्यात नवी गोष्ट. पण त्या दुकानांत फार वेळ बसू देत नाहीत आणि कापसाविषयी कोणी बोलत नाही.

तरीही या उणिवांवरचा उपाय टपरी उठविणे हा नव्हे, आणि कायद्यालाही ते मान्य नाही. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमानुसार नगरपालिकेने विक्रेत्यांचे सर्वेक्षण किमान दर ५ वर्षांनी करावयाचे असते. ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला हटविता येत नाही, आणि पुढे हटवावयाचे झाल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशीही तरतूद आहे. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम स्वनिधी’ योजनेत पथविक्रेत्याला पहिले कर्ज १० हजार रुपयांचे मिळे. २०२५ मध्ये ती मर्यादा १५ हजार करण्यात आली. एका टपरीची शेगडी, भांडी आणि पत्रा यांचा विचार करता ही रक्कम क्षुल्लक नाही.

परंतु हे सारे संरक्षण नागरी पथविक्रेत्यांपुरते आहे. यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस येथील टपरीवाला त्यात बसतो. करंजीच्या फाट्यावरचा बसत नाही. नागपूर-हैदराबाद महामार्ग आणि वणीकडे जाणारा रस्ता जेथे मिळतात तेथे करंजी आहे, आणि कोळशाचे ट्रक, कापसाच्या गाड्या व टिपेश्वरच्या अभयारण्याला निघालेले पर्यटक यांचा चहा अशाच फाट्यांवर होतो. फाटा ग्रामपंचायतीच्या हद्दीत आणि रस्त्याकडेची जमीन महामार्गाची, तेव्हा तेथे २००२ चा महामार्ग जमीन नियंत्रणाचा अधिनियम चालतो, आणि त्यात विक्रेत्यांची समिती नाही की सर्वेक्षण नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाच्या चौपदरीकरणात असे कित्येक फाटे रुंद रस्त्याच्या किंवा उड्डाणपुलाच्या पोटात गेले. वाहनाने कोठेच थांबू नये अशा रीतीने आखलेल्या रस्त्याचा अनुभव विदर्भाने समृद्धी महामार्गावर घेतला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला तेव्हा वाटेत चहापाण्याची आणि विसाव्याची सोय जवळजवळ नव्हती. एकसुरी रस्त्यावर चालकाला येणाऱ्या गुंगीची चर्चा अपघातांच्या निमित्ताने सुरू झाली, आणि मग विसाव्याच्या जागांची मागणी पुढे आली. यवतमाळच्या रस्त्यांवर त्या जागा फाट्याफाट्यावर आधीच होत्या. चौपदरी रस्त्याच्या सेवामार्गालगत त्यांना चार-सहा फूट जागा रीतसर आखून देणे आणि तेथे स्त्रियांना बसता येईल असे एक छप्पर व स्वच्छतागृह बांधणे एवढेच करावयाचे आहे; त्याचा खर्च महामार्गाच्या एकूण अंदाजपत्रकात नजरेतही भरणार नाही.