झोप येत नाही की झोप मिळत नाही?

रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडाला गुंडाळता गुंडाळता मी रुग्णाला एक प्रश्न हमखास विचारतो : रात्री किती तास झोपता? बऱ्याच जणांना तो अवांतर वाटतो. मीठ, तंबाखू, गोळ्या यांविषयी डॉक्टरने विचारावे, झोपेचे काय? परंतु अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०२२ साली हृदय जपण्याच्या आपल्या यादीत आहार, व्यायाम व तंबाखू यांच्या जोडीला झोप घातली. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी.

आपल्या माण तालुक्यात अपुऱ्या झोपेचे कारण पुष्कळदा शेतात सापडते. शेतीपंपांना काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री, अशी पाळीने वीज देण्याची पद्धत राज्यात वर्षानुवर्षे चालत आली. विहिरीला पाणी मोजके, त्यामुळे रातची लाइट आली की दारे धरायला जाणे चुकत नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. ज्यांना तिचा लाभ झाला त्यांची रात्र सुटली. बाकीच्यांचे जागरण चालूच आहे.

एका पन्नाशीच्या डाळिंब बागायतदारांचा वरचा रक्तदाब दोन गोळ्या चालू असूनही १६० च्या खाली येईना. पथ्य व्यवस्थित होते. चौकशीत कळले, आठवड्यातल्या चार रात्री जेमतेम तीन तास झोप, पहाटे डेअरीला दूध घालणे आणि मग डोळे उघडे ठेवण्यासाठी दिवसभर चहा. उरलेल्या तीन रात्री अंथरुणावर पडूनही डोळा लागत नसे, म्हणून ते माझ्याकडे झोपेची गोळी मागत होते. ती मी दिली नाही. थोरल्या मुलाने दोन रात्री वाटून घेतल्या, दुपारनंतरचा चहा बंद झाला. दीड महिन्याने त्याच औषधांवर आकडा १४२ आला. सगळे श्रेय झोपेचे, असे शपथेवर सांगणार नाही. पण तिसरी गोळी वाढवावी लागली नाही एवढे खरे.

असे का होते? निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत साधारण दहा ते वीस टक्के उतरतो. रक्तवाहिन्यांची विश्रांती ती तेवढीच. जागरणात तीही बुडते. साखरेचेही तसेच. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास अंथरुणात राहू दिले. तेवढ्यानेच त्यांच्या शरीराची साखर वापरण्याची क्षमता घटल्याचे त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केले. जागरणाने भूकही वाढते, आणि ती भाकरीपेक्षा भजी-फरसाणाची असते! शिवाय सतरा-अठरा तास जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायल्यासारखा मंदावतो. पहाटे दुचाकीवर कॅन लावून निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

वेळ मिळूनही आठवड्यातून तीन रात्री झोप येत नसेल आणि असे तीन महिने चालले असेल, तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर उपचार आहेत. मात्र ज्याला झोप मिळतच नाही, त्याला गोळी देऊन काय साधणार? शेजाऱ्याच्या पाकिटातली अल्प्राझोलाम तर मुळीच घेऊ नये. तिची सवय लागते, म्हातारी माणसे पडून हाड मोडून घेतात, आणि दारूबरोबर ती घेतल्यास श्वास मंदावतो. गोळी घेऊन रात्री विहिरीवर जाण्याचा धोका वेगळा सांगायला नको.

रात्रपाळी असेल तर आदल्या संध्याकाळी तासभर पडावे. परतल्यावर अंधाऱ्या खोलीत झोप पुरी करावी, मोबाईल दुसरीकडे ठेवावा. झोपण्यापूर्वी तंबाखू-मिश्री नको. ती मेंदूला जागे ठेवते. घरातल्या बाईचे काय, हे मात्र कोणी विचारत नाही. सर्वांत शेवटी तीच आडवी होते आणि चारला तीच उठते. कारभारी दुपारी झोपले की पोरे गप्प बसतात, आई झोपली की हाका मारतात.

मोठ्याने घोरताना श्वास अडकत असेल, दिवसा बसल्याजागी डोळा लागत असेल किंवा पहाटे जाग येऊन मन उदास राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. येताना आठवडाभराची झोपण्या-उठण्याची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ते पान सोबत आणावे.