बुद्ध्यंक कोणाशी ताडून?

शाळकरी मुलाला बौद्धिक चाचणीत मिळालेल्या गुणांना स्वतःचे असे मोल नसते. त्याच वयाच्या, साधारण तशाच वातावरणात वाढलेल्या इतर मुलांनी तेच प्रश्न कसे सोडवले, याच्याशी ताडून पाहिल्यावरच त्यांचा अर्थ लागतो. या तुलनेसाठी पुष्कळ मुलांची चाचणी घेऊन कोष्टके तयार केलेली असतात. त्यांना मानके म्हणतात.

आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली उपयोगी चाचणी तयार केली, ती वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून मदत देता यावी म्हणून. अमेरिकेत तिची स्टॅनफर्ड आवृत्ती झाली. मराठी आणि कन्नड मुलांसाठी ती व्ही. व्ही. कामत यांनी बेतली. १९३४ मध्ये त्यांचा शोधनिबंध आणि १९४० मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘बिने-कामत’ नावाने ओळखली जाणारी ही चाचणी म्हणजे बिनेची मुंबई-कर्नाटक आवृत्ती. हे काम नुसत्या भाषांतराने भागणारे नव्हते. कॅलिफोर्नियातल्या सात वर्षांच्या मुलाला जमणारा प्रश्न इथल्या सात वर्षांच्या मुलालाही तेवढाच सोपा जाईल, असे गृहीत धरता येत नाही. प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांना घालून तो कोणत्या वयाला बसतो हे ठरवावे लागते.

बिने-कामतमध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणतात. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा आले, तर बुद्ध्यंक ७५. डेव्हिड वेक्स्लर यांनी मुलांसाठीच्या १९४९ च्या चाचणीत हा भागाकार सोडला आणि समवयस्कांची सरासरी १००, प्रमाण विचलन १५ असे मोजमाप धरले. या चाचणीचे भारतीय रूप नागपूरला ए. जे. मालिन यांनी केले.

मानके जुनी होतात, ही गोष्ट मात्र सहसा विसरली जाते. अमेरिकेत विसाव्या शतकात दर दशकाला सरासरी सुमारे तीन गुणांची वाढ झाल्याचे जेम्स फ्लिन यांनी दाखवले. म्हणजे जुन्या मानकांवर आजचे मूल आहे त्यापेक्षा हुशार ठरू शकते, आणि मदतीची गरज असलेले मूल निसटू शकते.

दुसरी अडचण अचूकतेची. विश्वसनीयता ०.९१ असली, म्हणजे चाचणी चांगली म्हणावी अशी, तरी मोजमापाची प्रमाण त्रुटी साडेचार गुणांची येते. दोन्ही बाजूंना तिची दुप्पट धरली, तर ८४ गुण मिळालेल्या मुलाचा खरा बुद्ध्यंक साधारण ७५ ते ९३ यांत कुठेही असू शकतो. दिव्यांग हक्क कायद्याने २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेला, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातल्या नेमक्या अडचणीला, मान्यता दिली. त्यापाठोपाठ २०१८ च्या केंद्रीय सूचनांत बुद्ध्यंक ८५ च्या वर असेल तरच अध्ययन अक्षमतेची पुढची चाचणी, अशी रेघ आली. ८४ आणि ८६ यांत चाचणीला फरक करता येत नाही, कायद्याला करावा लागतो. सवलती द्यायच्या तर कुठेतरी रेघ ओढावी लागते हे खरे, पण तपासणाऱ्याने ती डोळे मिटून लावू नये.

पुढच्या चाचणीसाठी त्या सूचनांनी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तयार झालेला संच नेमला. त्याचे दोन स्तर आहेत: पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी पूर्वकौशल्यांचा, आणि आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी अवधान, वाचन, लेखन, शुद्धलेखन, आकलन, गणित, स्मरण आणि डोळा-हात समन्वय तपासणारा. मूल कमी गुणांचे आहे एवढेच न सांगता नेमके कुठे अडते हे त्यातून कळते. शिक्षकाला उपयोग असतो तो याचा.

बंगळूरमध्ये खरा पेच भाषेचा असतो. घरात मराठी, तेलुगू, तमिळ किंवा दखनी, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी, असे तिथल्या कितीतरी मुलांचे असते. शब्दसंग्रहाचे प्रश्न इंग्रजीत विचारले तर बुद्धी तपासली जाते की शाळेत मिळालेली भाषा, हे सांगता येत नाही. चाचणीची यथार्थता इथेच डळमळते. आकृत्यांच्या चाचण्या काही प्रमाणात मार्ग काढतात, पण वाचनाची अडचण वाचनातूनच तपासावी लागते. तिथे लिपीचाही प्रश्न येतो. बंगळूरच्या द प्रॉमिस फाउंडेशनमधल्या सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अक्षरे शिकण्याचे काम प्राथमिक शाळेची बरीच वर्षे चालू राहत असल्याचे दिसले. बाराखडी आणि जोडाक्षरांमुळे तिथे चिन्हे शेकडोंनी असतात. मराठीचीही रचना तशीच आहे. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांवरून बांधलेले वेळापत्रक अशा मुलाला लावले, तर त्याच्या लिपीला साजेशा गतीने शिकणारे मूलही मागे पडलेले दिसेल. म्हणून मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजी यांच्यासाठी वेगवेगळी मानके असलेला ‘डाली’ हा डिस्लेक्सियाचा (वाचन-अक्षमतेचा) चाचणीसंच राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केला. मूल ज्या भाषांत शिकते त्या प्रत्येक भाषेत त्याचे वाचन तपासून पाहणे त्यामुळे शक्य झाले आहे.